वजनकाट्यामागची माणसं

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घरात वरणभात, दाराबाहेर पाऊल टाकलं की छत्तीसगढी, असंच आमचं आयुष्य गेलं. मी कॉलेजात आहारशास्त्र शिकवलं, विद्यार्थिनींना घेऊन खेड्यांत पाहण्या केल्या आणि त्या निमित्ताने बिलासपूरजवळच्या गनियारीतल्या ‘जन स्वास्थ्य सहयोग’ या संस्थेचं काम समजून घेत राहिले. दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेल्या काही डॉक्टरांनी १९९०च्या दशकात ती उभी केली. दवाखाना, अचानकमारच्या जंगलालगतच्या गावांमधलं काम आणि त्यातूनच निघणारं संशोधन, असा तिचा बाज. पोषणाच्या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या मुली आजही घरी येतात, काय करू विचारतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

१. मूल काय खातं याच्या आधी, ते कोणाजवळ असतं ते विचारा.
आमच्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न असायचा: काल दिवसभरात बाळाने काय खाल्लं? आई विचारात पडायची, कारण ती सकाळीच रोप लावायला किंवा महुआ वेचायला गेलेली असायची. बाळ सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. सहा महिने ते तीन वर्षं या वयात पोट लहान आणि गरज मोठी, म्हणून थोडं थोडं, पुन्हा पुन्हा भरवावं लागतं. अंगणवाडीतलं गरम जेवण तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी. त्याहून लहानांच्या वाट्याला घरी न्यायचं ‘रेडी टू ईट’चं पाकीट. ते पाकीट दुपारी उघडणार कोण? जन स्वास्थ्य सहयोगाने २००६च्या सुमारास ‘फुलवारी’ सुरू केली ती नेमकी या जागी. गावातलीच एक बाई दहाएक मुलं दिवसभर सांभाळते, सत्तू देते, तेल घातलेली खिचडी भरवते. आई निर्धास्तपणे कामाला जाते आणि मोठी बहीण शाळेत. पुढे राज्य सरकारनेही सरगुज्यापासून फुलवारीची योजना काढली. तिथे आयाच आळीपाळीने मुलं सांभाळतात.

२. काट्याच्या आधी बाईला कळतं.
वजन घटल्याचं महिन्याच्या नोंदीत दिसतं. मूल कोमेजायला लागल्याचं भरवणारीला त्याच दिवशी कळतं. ‘लइका ह नइ खावय’ (मूल खात नाही) असं ती म्हणाली की आमच्या मुली पेन थांबवायच्या, कारण त्यासाठी रकानाच नव्हता. मी समासात लिहून घ्यायला सांगितलं. त्या समासांतून ताप, तोंड येणं, धाकट्या भावंडाचा जन्म, घरातलं भांडण अशी कारणं पुढे आली. दंडाची पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेली की मूल तीव्र कुपोषित, एवढं पट्टी सांगते. ते तिथवर का आलं, हे समासात सापडतं.

३. पाहणीचा महिना कॉलेजच्या सोयीने ठरवू नका.
हिवाळा सगळ्यांना सोयीचा: रस्ते कोरडे, परीक्षा लांब. पण तेव्हा धान नुकतंच घरात आलेलं असतं, पौषातल्या छेरछेऱ्याच्या सणाला दारोदार मुठी-मुठीने वाटलंही जातं. तेच घर सावन-भादोत पाहा. कोठी तळाला गेलेली, चिखलातलं काम सर्वांत जड, आणि ताप-जुलाबही त्याच दिवसांत. एकाच घराला दोन्ही ऋतूंत भेट दिली नाही तर तुमचा निष्कर्ष फक्त पौषाचा.

४. आपलं स्वयंपाकघर आपल्याच घरी ठेवा.
२०१९मध्ये शाळेच्या भोजनात अंडी द्यायच्या निर्णयावरून राज्यात वाद पेटला, तेव्हा आमच्या पाऱ्यातही ओसरी-ओसरीवर चर्चा झाली. माझ्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही. पण ज्या घरात ते आनंदाने खाल्लं जातं, तिथल्या मुलाच्या ताटातून ते काढायचा अधिकार मला माझ्या सोवळ्याने मिळत नाही. ज्यांना नको त्यांना दुसरं काही द्या, एवढाच त्याचा सरळ तोडगा. आणि शिकायचंच असेल तर गावाकडून भाज्या शिका. चेच, चरोटा, लाल भाजी, मुनग्याची पानं यांवर छत्तीसगढी बाईचा जो हात बसलेला असतो, तो माझ्या पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यांत नव्हता.

५. रोजची नोंद कंटाळवाणी असते, पण तीच दूरवर पोचते.
गनियारीच्या दवाखान्यात क्षयरोग्यांची वजनं नेमाने लिहिली जात होती. २००४ ते २००९ या काळातल्या १,६९५ रुग्णांच्या नोंदी डॉ. अनुराग भार्गव आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केल्या. निदानाच्या वेळी पुरुषांचं मध्यक वजन ४२.१ किलो, बायकांचं ३४.१. चौतीस किलोची प्रौढ बाई! जे अतिकृश होते, त्यांच्यात मृत्यूचा धोका दुपटीच्या आसपास. पुढे अनुराग आणि माधवी भार्गव यांनी झारखंडात क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना तांदूळ-डाळ आणि जीवनसत्त्वं देऊन पाहिली. २०२३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला: त्या घरांमध्ये नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी. क्षयरोग्यांना पोषणासाठी सरकारकडून मिळणारी मदत २०१८ साली महिना ५०० रुपयांनी सुरू झाली होती. २०२४च्या अखेरीस ती १,००० झाली. आहाराकडे औषधाइतकं लक्ष वेधणाऱ्या या वाटेवर गनियारीत वजन लिहिणाऱ्या अनाम हातांचाही वाटा आहे.

६. ‘तुमच्याकडे फार कुपोषण, नाही का?’ याला आकड्यांनी उत्तर द्या.
पुण्या-मुंबईचे पाहुणे हे हमखास विचारतात. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची कमी वजनाची मुलं छत्तीसगढात ३१.३ टक्के, महाराष्ट्रात ३६.१. खुजेपणातही दोन्ही राज्यं ३५च्या आसपास. कोणी कोणाला हिणवावं अशी स्थिती नाही. शिकावं मात्र दोन्हीकडून. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि बालमृत्यू घटल्याचं १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मधून जगाला दाखवलं. इकडे २००२पासून गावोगावच्या मितानिनी, म्हणजे गावातल्याच आरोग्यसेविका, उभ्या राहिल्या.

७. संस्थेची पारख भरवणारीच्या मानधनावरून करा.
प्रकल्पाचा निधी तीन वर्षांचा असतो, मुलाची भूक रोजची. निधी संपला की आधी काय बंद होतं ते बघा. बहुतेक ठिकाणी गाडी आणि कार्यशाळा टिकतात, खिचडी थांबते. जिथे मोजणारे आणि भरवणारे एकाच गटात बसून नोंदवही वाचतात, तिथे हा क्रम उलटा होण्याची आशा असते. कारण खिचडी थांबवायचा निर्णय घेताना ती शिजवणारी समोर बसलेली असते. म्हणून कुठल्याही संस्थेत नोकरी धरण्याआधी किंवा देणगी देण्याआधी अहवाल सावकाश वाचा. पहिल्या भेटीत एवढंच विचारा, की मुलांना भरवणाऱ्या बाईला महिन्याला किती मिळतात आणि ते वेळेवर मिळतात का.