ग्रुपवरचा ‘ओके’ किती वर्षं जपायचा?

प्रश्न : आमची मरोळ एमआयडीसीत छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. मालाचे दर, वाढीव कामाची मंजुरी, सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवरच ठरतं. ग्रुप सांभाळणारा सहकारी नोकरी सोडून गेला आणि आता एक ग्राहक म्हणतो, ‘वाढीव कामाला मी हो म्हटलंच नव्हतं.’ स्क्रीनशॉट पुरतील का? असे मेसेज किती वर्षं ठेवायचे?
– एक वाचिका, अंधेरी (पूर्व)

उत्तर : आधी आजचं काम. सुरुवातीपासून ग्रुपवर असलेल्या कुणाच्याही फोनमधून ते चॅट फोटो-फाइलींसह एक्स्पोर्ट करा, पूर्ण उतरलं का ते तपासा आणि कंपनीच्या संगणकावर ठेवा. मेसेज आपोआप पुसण्याची सोय चालू असेल तर बंद करा. मूळ फोन विकू नका, फॉरमॅटही करू नका.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७ नुसार जपलेली नोंद पुढे वाचता आली पाहिजे आणि ती कुणी, कुणाला, कधी पाठवली हे कळलं पाहिजे. कापलेल्या स्क्रीनशॉटमध्ये नेमकं हेच हरवतं.

न्यायालयात काय लागतं, ते जालन्याच्या एका खटल्याने स्पष्ट केलं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर तिथून २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला, असा प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या चित्रीकरणाचा. पण त्याची प्रत कशी तयार झाली हे सांगणारं, प्रतीसोबत जोडायचं प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं : मूळ उपकरणच हजर केलं तर प्रमाणपत्र नको, प्रत दिली तर ते हवंच. गोरंट्याल यांनी ते मिळवण्याचे सगळे प्रयत्न केले होते, म्हणून त्यांना सूट मिळाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे प्रमाणपत्र कलम ६३ खाली येतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्यही (तिचा डिजिटल ठसा) नोंदवावं लागतं. म्हणून तो फोन जपा आणि वकिलांना आताच भेटा.

आता वर्षांचं. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि त्यांची व्हाउचर्स किमान ८ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. ज्या मंजुरीवर बिल उभं आहे, ती त्या बिलासोबत तेवढीच वर्षं ठेवा. मात्र सहकाऱ्यांची आजारपणं, घरचे फोटो साठवत बसू नका. गरज संपलेली आणि कुठल्या कायद्याने न मागितलेली वैयक्तिक माहिती पुसावी, असं २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो.

यापुढे एकच सवय लावा : ग्रुपवर ‘ओके’ आला की त्याच दिवशी कंपनीच्या ईमेलवरून ग्राहकाला काम, दर आणि तारीख लिहून पाठवा. माणूस नोकरी सोडून गेला तरी नोंद कंपनीकडे राहील.