आधी बघ, मग शीव

पुसदात पोरांना कबड्डी शिकवायला घेतलीस, फार बरं वाटलं बाळा. हा खेळ आपल्या घरचा आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तो जगापुढे खेळून दाखवला. पूस नदीच्या काठी पोरं खेळवताना मला जे उमगलं, ते सांगतो. गाठीला बांधून ठेव.

रेषेबाहेरून ओरडू नकोस. 'बोनस घे', 'माघारी ये' असं सांगत राहिलास, तर पोरगं तुझा आवाज ऐकेल, समोरचे पाय बघणार नाही. चढाई अवघी 30 सेकंदांची. तेवढ्यात दम टिकवायचा, गडी शिवायचा आणि मध्यरेषा गाठायची. तुझं ऐकायला त्याला उसंत कुठली?

चढाईला जाण्याआधी गडी मोजायची सवय लाव. समोर सहा किंवा सात असले, तरच बोनस मिळतो. तीन किंवा त्याहून कमी असले, तर पकडीला त्यांना एक गुण जादा. तिथे उगाच आत घुसू नये. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाई करणारा बाद. हा हिशेब पाठांतराने येत नाही. सरावात दर चढाईला समोरचे गडी बदल: कधी सात, कधी चार, कधी दोन. पोरं आपोआप मोजायला लागतील.

चेहरा फसवतो, पाय क्वचितच फसवतात. कोपऱ्यातला गडी झेपावणार असला, की टाच उचलतो आणि अंगाचा भार चवड्यावर घेतो. दोघांना समोरासमोर उभं कर. एकाने कधी खरी झेप घ्यायची, कधी हूल द्यायची. दुसऱ्याने टाचेवर नजर ठेवून मागे सरायचं. रोज दहा मिनिटं पुरेत.

पकड एकट्याची नसते. साखळीत हात धरलेला असतो, तो हात दाबून शेजाऱ्याला इशारा द्यायला शिकव. एकाने घोटा धरला, की दुसरा त्याच क्षणी अंगावर पोचला पाहिजे.

पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटरचं. लहानग्यांना आधी त्याच्या अर्ध्यात तीन-तीन जणांत खेळव. कोणी नुसतं उभं राहणार नाही, प्रत्येकाच्या वाट्याला चढाई येईल.

आणि बाद होऊन आलेल्या पोराला 'असं का केलंस?' म्हणून दटावू नकोस. 'काय दिसलं?' एवढंच विचार. एकदा एक पोरगं म्हणालं, "डावा कोपरा दिसला, उजवा बघितलाच नाही." मी काही बोललो नाही. पुढच्या चढाईत त्याची मान आधी उजवीकडे वळली.

उद्या तुझं पोरगं मोठ्या सामन्यात उतरेल, तेव्हा तू शेजारी नसशील. त्याचे डोळे त्याच्यापाशी असतील. ते आजच तयार कर.