उपाशीपोटी अभ्यास कसा होणार?

शिकायला शहरात आलात की खोलीभाडे चुकत नाही, फी चुकत नाही. काटकसर होते ती जेवणात. महिनाअखेरीस मेसचे पैसे संपतात आणि चहा-वडापाववर दिवस निघतो. मग वर्गात लक्ष लागत नाही, चिडचिड वाढते. घरी मात्र आपण सांगतो, "जेवलो गं आई!"

ही अडचण ना नवी, ना फक्त आपल्याकडची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही विकले. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात १९९३ पासून विद्यार्थीच गरजू विद्यार्थ्यांसाठी अन्नपेढी चालवतात.

तुम्ही काय कराल? विद्यार्थी विकास मंडळात 'कमवा व शिका' योजनेची चौकशी करा. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जातीच्या पात्र मुलामुलींना 'स्वाधार', जमातीच्या मुलामुलींना 'स्वयम्' योजनेतून जेवणाखाणाचे पैसे थेट बँक खात्यात मिळतात. मन फारच खचले, तर 'टेली मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

मदत मागणे म्हणजे भीक नव्हे. आणि हो, शेजारच्या खोलीतल्या मित्राला आज एकदा विचारा, "जेवलास का रे?"