चिमुकली पेटी आणि पंख्याचा आवाज

दिवाणखान्यात टीव्हीशेजारी लहानसा, आवाज न करणारा संगणक हवा आहे. त्याची पेटी कशी निवडाल? सर्वांत चिमुकली पेटी मनात भरेल खरी, पण आधी थोडा हिशेब करू या.

समजा, संगणक १०० वॉट वीज घेतो. या विजेची अखेर उष्णताच होते. म्हणजे दर सेकंदाला १०० ज्यूल उष्णता पेटीबाहेर काढायची. एक लिटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ ग्रॅम. ती १० अंश सेल्सिअसने तापली, तर सुमारे १२ ज्यूल घेऊन जाते. तेव्हा सेकंदाला ८ लिटरांहून थोडी अधिक हवा खेळती हवी.

आता एकाच घडणीचे दोन पंखे घ्या, ८० व १२० मिलिमीटर व्यासांचे. पंख्याने ढकललेली हवा फेऱ्यांच्या वेगाच्या आणि व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. १.५ चा घन सुमारे ३.४, म्हणून तेवढ्याच हवेसाठी मोठ्या पंख्याला तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी वेग पुरतो. आवाजाची शक्ती तर वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढते! मोठ्या पात्यांचा जादा आवाज जमेस धरूनही सुमारे १४ डेसिबलची बचत होते.

म्हणून १७० मिलिमीटर चौरसाचा ‘मिनी-आयटीएक्स’ मदरबोर्ड मावेल अशी छोटी पेटी जरूर घ्या. मात्र तिच्यात १२० मिलिमीटरचा पंखा बसत नसेल, तर मोह आवरा. पेटी बंद कपाटात कोंडू नका; बाहेर टाकलेली गरम हवाच पुन्हा आत शिरते. आत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल तर पेटीखाली रबराचे तुकडे द्या, नाहीतर लाकडी फळी सतारीच्या भोपळ्यासारखी घुमू लागेल.