अंगठ्याखालचे रीळ

इंग्लंडच्या मध्यभागातून ट्रेंट नावाची नदी वाहते. स्टॅफर्डशायर परगण्यातील उंचवट्यावर ती उगम पावते आणि सुमारे ३०० किलोमीटर वाहून ऊज नदीला मिळते. या दोघींच्या संगमापासून हंबर ही विस्तीर्ण खाडी सुरू होते. ट्रेंटच्या काठी नॉटिंगहॅम हे शहर वसलेले आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील नाजूक जाळीदार लेस जगभर प्रसिद्ध होती. याच शहराने मासे गरवण्याच्या छंदाला एक साधे पण मोठे चतुर उपकरण दिले. ते म्हणजे गळाचा दोरा गुंडाळण्याचे लाकडी रीळ. लेस विणताना वापरल्या जाणाऱ्या दोऱ्याच्या रिळावरून त्याची कल्पना सुचली, असे सांगतात. त्याच जातीचे रीळ आज ‘सेंटरपिन’ या नावाने ओळखले जाते.

गळाच्या काठीला रीळ जोडण्याची युक्ती मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे. सन ११९५ च्या सुमारास मा युआन या चिनी चित्रकाराने एक चित्र काढले. त्यात एका लहानशा नावेत एकटा कोळी बसलेला दिसतो. त्याच्या हातातील काठीला छोटेसे रीळ आहे.

सेंटरपिनची रचना पाहिली, तर इतक्या थोड्या भागांचे हे यंत्र कसे, याचे आश्चर्य वाटते. पाठीमागे एक तबकडी असते. तिच्या मध्यभागी पोलादाचा गुळगुळीत आस बसवलेला असतो. त्या आसावर एक रुंद चाक फिरते आणि त्या चाकावर दोरा गुंडाळलेला असतो. चाकाला धरण्यासाठी दोन लहान मुठी असतात. एवढेच ते यंत्र! उत्तम चाकाला बोटाने हलकी टिचकी मारली, तर ते किती तरी वेळ आवाज न करता फिरत राहते. १८९६ साली रेडिच गावच्या ऑलकॉक कंपनीने ‘एरियल’ नावाचे एक रीळ विक्रीस आणले. सायकलच्या चाकाप्रमाणे त्याला तारांचे आरे होते. त्यामुळे ते वजनाला फार हलके झाले. रेडिच हे सुयांच्या कारखान्यांचे गाव. सुई वाकवली की गळ होतो, म्हणून तेथे गळही मोठ्या प्रमाणावर तयार होत.

या रिळात दाते नाहीत की वेग वाढवणारी चक्रे नाहीत. मूठ एकदा फिरवली, की चाक एकदाच फिरते. समजा, गुंडाळलेल्या दोऱ्यासह चाकाचा व्यास १० सेंटिमीटर आहे. मग त्याचा परीघ सुमारे ३१.४ सेंटिमीटर होईल. वीस मीटर दोरा परत गुंडाळायचा असेल, तर चाकाला जवळजवळ चौसष्ट फेरे द्यावे लागतील! १९०५ साली इलिंगवर्थ नावाच्या कापड-व्यवसायातील एका गृहस्थाने निराळ्या प्रकारच्या रिळाचे एकस्व मिळवले. त्यात दोऱ्याचे रीळ स्थिर राहते आणि दोरा त्याच्या टोकावरून सुटत जातो. या रिळाने दोरा दूर फेकणे सोपे झाले. पुढे त्याच्यात पुष्कळ सुधारणा झाल्या आणि आज जगभर बहुतेक लोक तशीच रिळे वापरतात.

मग जुने सेंटरपिन शिकण्याचे कष्ट कोणी का घ्यावेत? याचे उत्तर समजण्यासाठी आपण एका आजोबांची आणि त्यांच्या बारा वर्षांच्या नातवाची कल्पना करू. हे दोघे ट्रेंटच्या काठी राहतात, असे समजा.

नातवाला नवे, चकचकीत रीळ हवे होते. आजोबांनी मात्र पेटीतून आपले जुने सेंटरपिन काढून त्याच्या हाती दिले. त्याने ते उलटसुलट करून पाहिले आणि हिरमुसून म्हटले, “आजोबा, यात तर काहीच यंत्रणा नाही. मासा ओढू लागला, तर दोरा आवरायचा कशाने?”

“तुझ्या अंगठ्याने,” आजोबा म्हणाले.

तेव्हा मे महिना चालू होता. इंग्लंडमध्ये १५ मार्चपासून १५ जूनपर्यंत नद्यांवर गोड्या पाण्यातील अशा माशांना गळ टाकण्यास बंदी असते. कारण त्या काळात मासे अंडी घालतात. आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांनी मासेमारी करण्यास मनाई असते, ती याच विचाराने. त्यामुळे नातवाचा पहिला धडा नदीवर नव्हे, तर घरामागच्या हिरवळीवर सुरू झाला.

दोऱ्याच्या टोकाला गळाऐवजी एक लहानसे वजन बांधले होते. नातवाने मोठ्या उत्साहाने काठी फिरवली. चाक गरगर फिरू लागले. वजन पुढे जाऊन गवतात पडले, तरी चाक आपले फिरतच राहिले! पुढे जाण्यास वाट नसलेला दोरा चाकाभोवती उसळला आणि त्याचा भला मोठा गुंता झाला. असा गुंता सोडवण्यात त्याचा सबंध तास गेला. दुसऱ्या दिवशी तेच झाले, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मात्र त्याच्या ध्यानात आले, की वजन जमिनीला टेकण्यापूर्वीच अंगठा चाकाच्या कडेवर हलकेच टेकवला पाहिजे. उशीर झाला, तर गुंता होतो. घाई झाली, तर वजन मध्येच अडून पडते. पतंग उडवणाऱ्या मुलांना ढील केव्हा द्यावी आणि दोरा केव्हा आवरावा, हे जसे हातानेच कळते, तसेच हे होते.

जूनच्या मध्यास बंदी उठली आणि दोघे पहाटेच नदीवर गेले. आजोबांनी काठी जोडली. ती चांगली चार मीटर लांब होती. दोऱ्यावर त्यांनी बुचाचा एक तरंगणारा तुकडा अडकवला, त्याच्या खाली वजनाचे बारीक मणी लावले आणि टोकाला गळ बांधला. पूर्वी हे मणी शिशाचे असत. सांडलेले मणी गिळून राजहंसांना विषबाधा होऊ लागली, म्हणून १९८७ साली तेथे अशा शिशाच्या मण्यांवर बंदी आली. आता ते दुसऱ्या, बिनविषारी पदार्थांचे करतात.

“बूच पाण्यावर सोड आणि प्रवाहाबरोबर जाऊ दे,” आजोबा म्हणाले. “पण त्याला अगदी मोकळे सोडू नकोस.”

“का बरे?”

“वरचे पाणी वेगाने वाहते. तळाजवळचे पाणी दगडगोट्यांशी घासत जाते, म्हणून ते मंद असते. बूच मोकळे सोडलेस, तर ते वरच्या पाण्याबरोबर धावेल आणि खालचे आमिष आपल्यामागे फरफटत नेईल. माशाला लगेच संशय येईल. तू अंगठ्याने किंचित अडव, म्हणजे आमिष तळाच्या पाण्याच्या चालीने, बुचाच्या पुढे जाईल.”

येथेच त्या जुन्या रिळाची खरी थोरवी दिसून येते. त्याचे चाक इतके सहज फिरते, की नदीचा प्रवाह स्वतःच दोरा ओढून नेतो. अंगठ्याला प्रवाहाची चाल कळते आणि प्रवाहाला अंगठा आवरतो. हात आणि पाणी यांच्यामध्ये दुसरे काहीच नसते.

आजोबा अधूनमधून पावाचे बारीक तुकडे पाण्यात टाकत होते. एकदम मूठभर नाही, तर थोडे थोडे आणि न चुकता. दहा वाजण्याच्या सुमारास बूच एकाएकी दिसेनासे झाले. नातवाने चाकावर अंगठा ठेवून काठी उचलली. काठी वाकली, तिच्या टोकाला हिसके बसू लागले. तो चब जातीचा मासा होता. तो पलीकडच्या झाडांच्या मुळांकडे धावला. मुलगा घाबरला आणि मासा निसटेल या भीतीने त्याने चाक घट्ट दाबून धरले. त्याच क्षणी दोरा तट्कन तुटला.

“जाऊ दे, आजोबा,” तो ओशाळून म्हणाला. “दोरा तुटला, एवढेच ना? दुसरा बांधू.”

आजोबा थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग शांतपणे म्हणाले, “दोरा आपल्याजवळ पुष्कळ आहे. पण तो मासा आपला गळ तोंडात घेऊन गेला. चूक आपल्या अंगठ्याची आणि भोग मात्र त्याच्या वाट्याला. गळ बिनकाट्याचा होता, म्हणून तो लवकर सुटून पडेल अशी आशा आहे. पण चूक ती चूकच.”

मुलाचा चेहरा उतरला. मासा गमावल्याचे दुःख त्याला मघाशी झाले होते; आता माशाविषयी दुःख झाले. बराच वेळ त्याने काठीला हात लावला नाही. मग त्याने विचारले, “आजोबा, दोन किलो वजन पेलणारा दोरा किलोभराच्या माशाने कसा तोडला?”

“टांगलेले वजन स्थिर असते. धावणारा मासा हिसका देतो. हिसक्याचे बळ त्याच्या वजनाहून किती तरी अधिक असते.”

“मग अंगठा किती दाबायचा?”

“ते मला आकड्यात सांगता येणार नाही. मासा धावला, तर चाकाला फिरू दे. पण फुकट फिरू देऊ नकोस. तो थांबला, की तू दोरा गुंडाळ.”

दुपारी पुन्हा बूच बुडाले. या वेळीही मासा मुळांकडे धावला. मुलाचा अंगठा थरथरत होता, पण तो चाकाच्या कडेवर हलकाच राहिला. चाक फिरत होते, तरी ते आवरलेलेही होते. मुळांच्या अलीकडे हातभर अंतरावर माशाचा जोर सरला. मुलाने सावकाश दोरा गुंडाळला. आजोबांनी जाळे पाण्यात धरले आणि मासा अलगद त्यात आला.

माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. तो रोगांपासून त्याचे रक्षण करतो आणि कोरड्या हाताने निघून जातो. म्हणून मुलाने आधी हात ओले केले. गळ सहज निघाला. मग त्याने प्रवाहाकडे तोंड करून माशाला पाण्यात धरले, म्हणजे कल्ल्यांमधून ताजे पाणी वाहू लागते. थोड्या वेळाने माशाने शेपटी हलवली. मुलाने हात सैल केले आणि मासा गर्द पाण्यात नाहीसा झाला.

“आजोबा, हा सकाळचाच असेल का हो?”

“कोण जाणे!” आजोबा म्हणाले. “पण हा कोणीही असो, तुझ्या अंगठ्याने या खेपेस त्याला इजा होऊ दिली नाही.”

यंत्र चांगले असले, की माणसाच्या पुष्कळ चुका ते पोटात घालते. सेंटरपिन मात्र आपली एकही चूक झाकत नाही. म्हणूनच ते शिकण्यास कठीण आहे आणि म्हणूनच ते शिकण्याजोगे आहे. कोठे धरावे आणि कोठे सोडावे, हे त्याच्यापाशी हातालाच शिकावे लागते. आणि दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एक जीव आहे, याचा विसर पडू देऊन चालत नाही.

स्वाध्याय

१. सेंटरपिन रिळाचे मुख्य भाग कोणते?
२. बूच प्रवाहात किंचित अडवून का धरावे लागते?
३. चाकाचा व्यास ११ सेंटिमीटर असेल, तर २० मीटर दोरा गुंडाळण्यास सुमारे किती फेरे लागतील?
४. “चूक आपल्या अंगठ्याची आणि भोग मात्र त्याच्या वाट्याला,” असे आजोबा का म्हणाले? या बोलण्याचा मुलावर काय परिणाम झाला?
५. ‘ढील देणे’, ‘पोटात घालणे’, ‘चेहरा उतरणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
६. हाताने करण्याचे एखादे काम तुम्ही कसे शिकलात, ते दहा ओळींत लिहा.