विद्यापीठाच्या नावाने पोस्ट टाकताना

विभागाचं इन्स्टाग्राम किंवा फेसबुक खातं हातात आलं की पोस्टच्या आधी पासवर्डचं बघा. खातं विभागाच्या ईमेलवर असू द्या. एखाद्या विद्यार्थ्याच्या खासगी ईमेलवर असेल, तर तो पास होऊन गेल्यावर खातंही त्याच्यासोबत जातं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. अ‍ॅडमिन दोन-तीनच ठेवा. एकाच फोनवर स्वतःचं खातंही असेल, तर पोस्ट करण्याआधी वर कोणाचं नाव दिसतंय ते दर वेळी वाचा.

आता परिपत्रकं. सगळ्यात जास्त काळजी इथेच लागते. 2020 मध्ये अंतिम वर्षाच्या परीक्षा होणार की नाही, याचा निर्णय 28 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत लोंबकळत होता. तेवढे महिने मुलं मोबाइलवर येणाऱ्या प्रत्येक फॉरवर्डला घाबरत होती. म्हणून ‘परीक्षा पुढे ढकलली’ असा कागद ग्रुपवर आला, तर त्यावरचा जावक क्रमांक, तारीख आणि सही तपासा. जुन्या परिपत्रकावरची तारीख खोडून नवी टाकणं फार सोपं असतं. तेच परिपत्रक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सापडलं, तरच पुढे जा. सापडलं नाही तर परीक्षा विभागाला फोन करा. उत्तर मिळेपर्यंत गप्प राहा, मग इनबॉक्समध्ये कितीही ‘सर, खरं आहे का?’ येवोत. तुमच्या भरवशावर गावाकडची मुलगी एसटीचं तिकीट रद्द करते. पोस्टमध्ये परिपत्रकाचा फोटो तर द्याच, शिवाय मजकूर टाइप करून द्या आणि लिंकही द्या. फोटोतली बारीक अक्षरं स्वस्त मोबाइलवर वाचता येत नाहीत.

फोटो टाकण्याआधी त्यातल्या मुलांना विचारा. प्रथम वर्षाची काही मुलं अजून सतरा वर्षांची असतात आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठराच्या आतला प्रत्येक जण बालक आहे. त्यांच्यासाठी पालकांची संमती घ्या. हॉल तिकीट, पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक), गुणपत्रिका फोटोत कुठेच दिसता कामा नयेत. लैंगिक छळाच्या तक्रारीबद्दल तर एक शब्दही नको. तक्रारदार, साक्षीदार किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, यांची ओळख उघड करायला 2013 च्या कायद्याने मनाई आहे.

रागाच्या कमेंट पुसू नका. निकाल रखडला असेल तर मुलं चिडणारच, आणि तो राग रास्त असतो. त्यात कुणी स्वतःचा पीआरएन लिहिला असेल, तर कमेंट लपवा आणि त्याला खासगीत मदत कक्षाचा पत्ता द्या. जातीवाचक शिवी किंवा धमकी असेल, तर आधी स्क्रीनशॉट, मग काढून टाकणं, मग प्राचार्य किंवा कुलसचिव कार्यालयाला कळवणं.

चूक झालीच तर पोस्ट गुपचूप उडवू नका. ‘सकाळी दिलेली तारीख चुकीची होती, बरोबर तारीख ही’ असं स्पष्ट लिहा आणि ज्या ज्या ग्रुपवर पहिली पोस्ट पाठवली होती, तिथे तिथे ही दुरुस्ती पाठवा.

निकालाच्या रात्री इनबॉक्स बंद करू नका. ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असं कुणी लिहिलं, तर साचेबद्ध उत्तर पाठवू नका. लगेच नावाने हाक मारा, कुठे आहेस, सोबत कोण आहे ते विचारा, टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक द्या. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. बोलणं चालू ठेवा, आणि दुसऱ्या फोनवरून वसतिगृहाच्या रेक्टरना किंवा घरच्यांना कळवा. जीवाला धोका आत्ताच दिसत असेल, तर 112 लावा.