बेळगाव जिल्हा : एका उताराचा अभ्यास

आपल्या जिल्ह्याचा भूगोल म्हटला की क्षेत्रफळ, लोकसंख्या, पिके आणि प्रेक्षणीय स्थळे यांची यादी विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहते. क्षेत्रफळ सुमारे १३,४१५ चौरस किलोमीटर, २०११ च्या शिरगणतीप्रमाणे लोकसंख्या सुमारे ४७ लाख ८० हजार, एवढे पाठ केले की जिल्हा समजला असे आपण मानतो. भूगोल शिकविताना मला वाटत आले आहे की हा जिल्हा समजावयाचा तर तो एक उतार म्हणून पाहावा. पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस पडतो आणि पूर्वेकडील मैदान त्या पाण्यावर जगते. बाकी पुष्कळशा गोष्टी यातूनच निघतात.

प्रथम पाऊस घेऊ. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग घाटमाथ्याचा, घनदाट जंगलाचा. कणकुंबीस जेवढा पाऊस पडतो, त्या मानाने बेळगाव शहरात फारच कमी. शहराची वार्षिक सरासरी साधारण १,२०० ते १,३०० मिलिमीटर भरते. तेथून अथणी, रामदुर्गाकडे जावे तर पाऊस शहराच्या निम्म्याच्या आसपास येतो. पिकेही त्याच क्रमाने बदलतात. खानापूर-बेळगावकडे भात, रताळी, बटाटे. बैलहोंगल, सौंदत्तीच्या काळ्या जमिनीत ज्वारी आणि कापूस. जेथे कालवा अगर नदी आहे तेथे ऊस.

आता नद्या. मलप्रभा कणकुंबीस उगम पावून पूर्वेस वाहते, कूडलसंगमास कृष्णेला मिळते, आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरास जाते. त्याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई पश्चिमेस गोव्यात उतरून मांडवी या नावाने अरबी समुद्रास मिळते. एकाच तालुक्यातील पाणी दोन समुद्रांना जाते, हे विद्यार्थ्यांनी नकाशावर बोट ठेवून पाहावे. कळसा-बंडुरीच्या वादाचे मूळ या जलविभाजकात आहे. म्हादई लवादाने २०१८ साली कर्नाटकास १३.४२ टीएमसी पाणी दिले, तरी वाद मिटला नाही. कारण मलप्रभेच्या खोऱ्याची तहान खरी आहे आणि गोव्याची चिंताही खरी आहे.

घटप्रभा गोकाकजवळ सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. त्या पडत्या पाण्याच्या बळावर तेथील सूतगिरणी १८८७ साली चालू झाली. हिडकल येथे हीच नदी अडविली आहे. बेळगाव शहर राकसकोप तलावाचे पाणी पिते, पण ते पुरत नाही, म्हणून हिडकलचे पाणी पंपाने वर चढवून शहरास आणावे लागते.

मग मोठी नदी नसलेल्या जागी हे शहर वाढले कसे? उत्तर वाटांत आहे. घाट आणि मैदान यांच्या सांध्यावर ते वसले आहे. रट्टांच्या काळी ते वेणुग्राम होते. किल्ल्यातील कमलबस्ती १२०४ सालची. बहमनी वजीर महमूद गवान याने गोवा घेतल्यानंतर १४७२-७३ च्या सुमारास बेळगावास वेढा घातला, कारण गोव्याची वाट येथून राखली जाई. इंग्रजांनी १८१८ नंतर येथे लष्करी छावणी केली. रेल्वे येण्यापूर्वी पूर्वभागातील कापूस येथूनच घाट उतरून वेंगुर्ले बंदरी जाई. या वाटांनी माणसेही आली. म्हणून शहरात मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू एकाच पेठेत ऐकू येतात, आणि कुंदा घेणारा जाताना गोकाकचा करदंटही मागतो.

हा उतार विसरला की काय होते, ते ऑगस्ट २०१९ मध्ये दिसले. पाऊस मुख्यत्वे घाटमाथ्यावर आणि कृष्णेच्या वरच्या खोऱ्यात झाला. पाणी शिरले ते अथणी, गोकाक, रामदुर्ग तालुक्यांतील गावांत, जेथे एरवी पावसासाठी आभाळाकडे डोळे लागलेले असतात. घाटावरील जंगल तुटले तर पाणी मुरण्याऐवजी धावू लागते. त्याचे भोग खानापूरकराइतकेच रामदुर्गकरास भोगावे लागतात.

आपल्या महाविद्यालयात खानापूरचा विद्यार्थी आणि अथणीची विद्यार्थिनी एकाच बाकाशी येतात. एकाचा लेख या अंकाच्या मराठी विभागात, दुसरीचा कन्नड विभागात. दोघांनी मिळून एक काम करावे अशी माझी सूचना आहे. सुट्टीत आपापल्या गावच्या विहिरीची पाणीपातळी दर पंधरवड्यास मोजावी, पावसाची नोंद ठेवावी, आणि पाच वर्षांची वही दोन्ही भाषांत ग्रंथालयात ठेवावी. यास दोरी, मोजपट्टी आणि चिकाटी एवढेच साहित्य लागते. पुढे पाण्याविषयी कोणी बोलू लागला, तर आपल्याजवळ निदान स्वतः मोजलेले आकडे असतील.